नाव विचारायचं, सांगायचं नाही: फ्लेबोटॉमीच्या वर्गातल्या एका प्रौढ विद्यार्थिनीचं प्रकरण

विद्यार्थिनी चव्वेचाळीस वर्षांची. शिक्षण सुटून वीसेक वर्षं झालेली. रक्तनमुने घेण्याच्या, म्हणजे फ्लेबोटॉमीच्या, संध्याकाळच्या वर्गात तिने प्रवेश घेतला. लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली, रबरी हातावर शीर शोधण्यात तिने विशीतल्या मुलांना मागे टाकलं आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा एकाच पायरीवर. नियमाप्रमाणे तिसरी संधी शेवटची होती.

प्रौढांना आरोग्यक्षेत्रातल्या पूरक व्यवसायांसाठी तयार करणाऱ्या प्रशिक्षकांनी चर्चा करावी म्हणून हे प्रकरण जुळवून लिहिलं आहे. ही बाई अशी अख्खी कुठे भेटणार नाही. तिच्या अडचणी मात्र सुट्या सुट्या कोणत्याही बॅचमध्ये भेटतात. वर्गात नापासाचं कारण शोधताना आपण वयाकडे, भीतीकडे आणि सरावाकडे बोट दाखवून मोकळे होतो. इथे तिन्ही कारणं सांगितली गेली आणि तिन्ही चुकीची निघाली.

मागची नोकरी

ती आधी चौदा वर्षं एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर होती. नोंदणी मोबाइलवरून व्हायला लागली, खिडक्या कमी झाल्या, आणि तिला दुसरं काहीतरी शोधणं भाग पडलं. फ्लेबोटॉमी निवडण्यामागचा हिशेब सरळ होता: कोर्स लहान, रुग्णालयाचं वातावरण ओळखीचं, आणि हाताला काम लवकर. पूरक व्यवसायांकडे वळणारे बहुतेक प्रौढ असाच हिशेब करतात. त्यात कमीपणा काही नाही. उलट, आपल्याला नेमकं काय हवंय हे विशीतल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त स्पष्ट असतं.

प्रवेशअर्जात "पूर्वानुभव" असा एक रकाना होता. तिने लिहिलं, "स्वागतकक्ष व नोंदणी, १४ वर्षे." तो रकाना पुन्हा कोणी वाचला नाही. प्रमाणपत्राच्या छाननीपुरता त्याचा उपयोग होता.

त्या चौदा वर्षांत तिने एक गोष्ट कमावली होती, ती म्हणजे माणूस दारातून आत येताच त्याला नावाने हाक मारणं. "या, अमुक काका, मागच्या वेळचा खोकला कसा आहे?" लोक तिच्याच खिडकीवर येण्यासाठी दुसरी रांग सोडायचे. ज्याचं नाव आपल्यासमोर कागदावर लिहिलेलं आहे त्याला पुन्हा नाव विचारणं हे तिच्या लेखी जवळजवळ उद्धटपणाचं होतं. ही सवय पुढे नडली.

कोर्सची रचना नेहमीची. सोळा आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी, शनिवारी सरावाचा मोठा तास आणि शेवटी रुग्णालयात प्रत्यक्ष काम. त्यात हेपॅटायटिस बी लशीचं वेळापत्रक वेगळंच. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. चार महिन्यांच्या कोर्सला सहा महिन्यांची लस कशी बसवायची हा प्रश्न संयोजकांना दर वर्षी पडतो. तिने पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घेतला होता, त्यामुळे निदान या बाबतीत ती वर्गाच्या पुढे होती.

हात चोख होता

तिचं कसब किती पक्कं होतं हे आधी बघायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

टुर्निकेट, म्हणजे शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा, कोपराच्या वर चार ते पाच बोटं अंतरावर. बांधल्यापासून एका मिनिटाच्या आत सोडायचं, कारण जास्त वेळ दाब राहिला की शिरेतलं पाणी आजूबाजूला झिरपतं, रक्त दाट होतं आणि प्रथिनांसारखे आकडे खोटे वाढतात. ती मनातल्या मनात सेकंद मोजायची. परीक्षकाच्या घड्याळाशी फारसा फरक पडायचा नाही. सत्तर टक्के अल्कोहोलने जागा पुसायची आणि वाळू द्यायची. इथे नवशिके हमखास चुकतात. पुसून लगेच फुंकर मारतात, किंवा पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावून शीर चाचपतात. तिचं बोट पुन्हा तिथे गेलं नाही. सुईचं तोंड वर, कोन तीस अंशांच्या आत.

मग ट्यूबांचा क्रम. आधी निळ्या टोपणाची सायट्रेटची, मग सीरमची (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाची), हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची, शेवटी करडी फ्लोराइडची. हा क्रम पोपटासारखा पाठ करणारे पुष्कळ असतात, कारण विचारलं की गडबडतात. तिला कारण माहीत होतं. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याचा अंश चुकून पुढच्या सीरमच्या ट्यूबमध्ये गेला, तर रुग्णाचं पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं दिसतं. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असावं लागतं. निळी तीन-चार वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, जांभळी आठ-दहा वेळा, आणि जोराने हलवायची कुठलीच नाही, नाहीतर तांबड्या पेशी फुटतात. टुर्निकेट सोडल्यावरच सुई बाहेर. लेबल रुग्णाच्या शेजारी उभं राहूनच लावायचं.

हे सगळं ती लीलया करायची. मग अडलं कुठे?

दोन परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षा ओस्की पद्धतीची होती. डंडी विद्यापीठात रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत आज आरोग्यशिक्षणात सगळीकडे रुळली आहे. एकेका टेबलावर एकेक काम, ठरलेली मिनिटं, परीक्षकाच्या हातात पायऱ्यांची यादी. यादीतल्या काही पायऱ्या "निर्णायक" असतात. त्यांतली एक जरी चुकली तरी बाकीचे गुण कितीही असोत, टेबल नापास.

पहिल्या परीक्षेत रुग्णाच्या भूमिकेत संस्थेतलेच एक वयस्कर कर्मचारी होते. ती समोर गेली, फॉर्मवर नजर टाकली, हसली आणि म्हणाली, "नमस्कार काका. अमुक अमुक तुम्हीच ना?" त्यांनी मान डोलावली. पुढचं सगळं निर्दोष. पन्नासपैकी पंचेचाळीस गुण आणि निकाल नापास. शेऱ्यात एकच ओळ: "ओळख पडताळणी असमाधानकारक."

तिला हा अन्याय वाटला, आणि तसं वाटणं मला अगदी समजण्यासारखं वाटतं. माणूस तोच होता, त्याने हो म्हटलं होतं, रक्त त्याचंच "घेतलं" गेलं होतं. परिणामात काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेआधी प्रशिक्षकाने तिला बाजूला घेतलं. तो सव्वीस-सत्तावीसचा, ती त्याच्या मावशीच्या वयाची. वर्गात तो तिला "ताई" म्हणायचा, ती त्याला "सर". मोठ्या बाईला तोंडावर चूक कशी सांगायची या संकोचात तो एवढंच म्हणाला, "ताई, तेवढं नाव जरा नीट विचारत जा."

तिने ते मनावर घेतलं. दुसऱ्या परीक्षेत तिने नुसत्या पहिल्या नावावर भागवलं नाही. आडनावासकट पूर्ण नाव, आवाज चढवून, खणखणीत उच्चारलं: "...आपणच ना?" समोरच्या बाईंनी हो म्हटलं. या वेळी त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर जन्मतारीख वेगळी छापलेली होती, मुद्दाम. तिने पट्टी उचलून पाहिली, मान हलवली आणि टुर्निकेट बांधलं. पुन्हा नापास.

तीन निदानं

निकालानंतर प्रशिक्षकांची बैठक झाली. एकाचं म्हणणं, वय. पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला इतके बारकावे एका दमात लक्षात राहत नाहीत. पण तेच बारकावे तिने ट्यूबांच्या बाबतीत लक्षात ठेवले होते, त्यामुळे हे कारण तिथेच बाद व्हायला हवं होतं. झालं नाही. वय हे कारण सांगायला फार सोयीचं असतं. त्याच्यावर शिकवणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

दुसरीचं म्हणणं, परीक्षेची भीती. घाबरलेला माणूस मधल्या पायऱ्या गाळतो. पण ही पायरी तिने गाळली नव्हती. ती दोन्ही वेळा केली होती, आनंदाने केली होती. फक्त चुकीच्या पद्धतीने.

तिसरं, आणि बैठकीत मंजूर झालेलं: सराव कमी पडला. म्हणून दर शनिवारी तीन तास जादा, रबरी हातावर. या निर्णयाने नुकसान वाढलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण रबरी हात बोलत नाही. सराव करताना विद्यार्थी टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचतो, हाताला उद्देशून म्हणतो आणि उत्तरही स्वतःच देतो. ती तर प्रत्येक वेळी रबरी हातालाही नावाने साद घालायची. शेजारची मुलं हसायची, तिलाही हसू यायचं. तीन तासांत असा सराव वीसेक वेळा झाला की सुई टोचणं वीस वेळा सुधारतं आणि "तुम्हीच ना?" हेही वीस वेळा पक्कं होतं. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी विचार करून करणं, मग तुकडे जुळवणं, शेवटी आपोआप होणं. तिचं अभिवादन या वर्गात यायच्या कितीतरी आधी तिसऱ्या टप्प्यावर पोचलं होतं. आपोआप होणाऱ्या गोष्टीला आणखी सराव देणं म्हणजे तिला आणखी आपोआप करणं.

ही पायरी इतकी कडक का

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रौढ विद्यार्थ्याला नियम पटला नाही तर तो परीक्षेपुरता पाळतो आणि नोकरीत सोडून देतो.

रक्ततपासणीतल्या चुका बहुतेकांना यंत्रातल्या वाटतात. इटलीतल्या पादुआ इथे मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुका मोजल्या. त्यांच्या १९९७ च्या अभ्यासात ६८.२ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच्या होत्या. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हाही हे प्रमाण ६१.९ टक्के होतं. म्हणजे खरी जोखीम रुग्णाच्या खाटेपाशी आणि नमुन्याच्या प्रवासात आहे.

त्यातही चुकांची जात वेगवेगळी. पेशी फुटलेला नमुना लालसर दिसतो आणि प्रयोगशाळा तो परत पाठवते. अर्धी भरलेली निळी ट्यूब नजरेला दिसते. गुठळी झालेली जांभळी ट्यूब यंत्र अडवतं. चुकीच्या माणसाचा नमुना मात्र उत्तम असतो. स्वच्छ, पुरेसा, योग्य ट्यूबमध्ये, व्यवस्थित लेबल लावलेला. त्याच रुग्णाचे जुने आकडे नोंदीत असतील आणि नवे त्यांच्याशी फारच विसंगत निघाले, तरच कदाचित शंका येते. जुने आकडे नसतील तर तेही नाही. रक्तगटाच्या नमुन्यात हेच झालं तर न जुळणारं रक्त चढण्याचा आणि जीव जाण्याचा धोका असतो. म्हणूनच, गटाची पूर्वीची नोंद नसलेल्या रुग्णाचा वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना अनेक रक्तकेंद्रं मागतात.

हात जितका चोख, तितकी ही चूक लपते. तिच्या बाबतीत हे विशेष खरं होतं. दुसरा एखादा धांदरट विद्यार्थी चुकीच्या माणसाचा नमुना घेताना निदान दोनदा टोचेल, गोंधळ होईल, कोणाचं तरी लक्ष जाईल. हिच्या हातून तो नमुना बिनबोभाट प्रयोगशाळेत पोचला असता.

आणि "तुम्हीच ना?" या प्रश्नाला लोक हो म्हणतात. कमी ऐकू येणारे म्हणतात, अर्धवट झोपेत असलेले म्हणतात, वेदनेने बेजार असलेले म्हणतात. सौजन्याने वागणारे तर नक्कीच म्हणतात. एवढ्या आपुलकीने विचारणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं! म्हणून नियम असा की नाव रुग्णाच्याच तोंडून यावं, सोबत दुसरी एक खूण, बहुधा जन्मतारीख, आणि दोन्ही फॉर्मशी आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघावीत. खोली क्रमांक किंवा खाट क्रमांक खूण म्हणून चालत नाही, कारण खाटा बदलतात.

खरं कारण सापडलं ते असं

तिसऱ्या परीक्षेला महिना असताना संयोजिकेने एक साधी गोष्ट केली. ती सरावाच्या वेळी तिच्याशेजारी, सुईकडे पाठ करून बसली आणि नुसतं ऐकलं. आतापर्यंत सगळ्यांचं लक्ष तिच्या हातांवर होतं. कानांना पाच मिनिटांत जे कळलं ते डोळ्यांना दोन परीक्षांत कळलं नव्हतं: ही प्रश्न विचारतच नाही, ही स्वागत करते.

मग दोघींचं बोलणं झालं. "तुम्ही खिडकीवर असताना माणूस समोर आला की पहिल्यांदा काय करायचात?" या प्रश्नावर ती उत्साहाने बोलायला लागली आणि बोलता बोलता मध्येच थांबली. कोणी दाखवून द्यायची गरज पडली नाही.

शिक्षणशास्त्रात हे जुनंच आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच मांडलं होतं की एका कामातलं कौशल्य दुसऱ्यात उतरतं ते दोन्हींत समान असलेल्या घटकांपुरतं. चार्ल्स ऑसगुड यांनी १९४९ मध्ये त्याची दुसरी बाजू दाखवली: प्रसंग तोच आणि कृती मात्र वेगळी हवी असेल, तर जुनं शिक्षण मदत करण्याऐवजी आडवं येतं. खिडकी आणि खाट हे दोन प्रसंग वरवर सारखेच. दवाखाना, हातात फॉर्म, समोर काळजीत असलेला माणूस. हवी असलेली कृती मात्र बरोबर उलटी. तिथे नाव आपण उच्चारायचं, इथे आपण गप्प राहायचं.

प्रौढशिक्षणावर बोलताना माल्कम नोल्स यांचं नाव घेतलं जातं आणि "अनुभव हीच प्रौढाची शिदोरी" हे वाक्य भाषणात येतंच. नोल्स यांनी त्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली आहे. साचलेल्या सवयी आणि ग्रह नव्याला दार लावून घेतात. भाषणांतून हा भाग सहसा वगळला जातो. अनुभवाचा गौरव करणं सोपं आहे; त्यातलं काय ठेवायचं आणि काय या कामापुरतं बाहेर ठेवायचं हे एकेका विद्यार्थ्यासोबत बसून ठरवायला वेळ लागतो.

पण एक कोडं उरलं. दुसऱ्या परीक्षेत तिने मनगटावरची पट्टी उचलून पाहिली होती. जन्मतारीख वेगळी असूनही तिला ती दिसली कशी नाही?

उत्तर अगदी घरगुती निघालं. तिला चाळिशी लागली होती. जवळचं वाचायला तिच्याकडे तयार मिळणारा साधा चष्मा होता; तो लावला की अक्षरं स्पष्ट, पण समोरच्या माणसाचा चेहरा धूसर. म्हणून ती टेबलापाशी चष्मा लावून फॉर्म वाचायची, नाव पाठ करायची, चष्मा काढून खिशात ठेवायची आणि मग रुग्णाकडे वळायची. पट्टीवरची बारीक अक्षरं तिला वाचताच यायची नाहीत. ती पट्टी पाहायची, वाचायची नाही. शीर ती मुख्यतः बोटाने शोधायची, त्यामुळे टोचण्यात अडचण कधी दिसली नाही. प्रवेशाच्या वेळच्या तब्येतीच्या फॉर्मवर "चष्मा आहे का?" या प्रश्नापुढे तिने "नाही" लिहिलं होतं, कारण डॉक्टरांनी दिलेला नंबरचा असा चष्मा तिला नव्हता. वर्गात सारखा काढघाल करावा लागणारा चष्मा मुलांसमोर दिसू नये, असंही तिला वाटत होतं. ते तिने फार नंतर सांगितलं.

म्हणजे सवय आणि नजर एकमेकींना सांभाळून घेत होत्या. पट्टी वाचता येत नाही म्हणून नाव आधीच पाठ. नाव पाठ आहे म्हणून ते आपणच म्हणायचं. नुसती सवय मोडून भागलं नसतं, आणि नुसता चष्मा देऊनही नाही.

काय केलं

चष्मा सर्वांत आधी. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसेल असा प्रोग्रेसिव्ह चष्मा तिने करून घेतला. त्याची सवय व्हायला काही दिवस जातात, खाली बघताना मान जरा वेगळी वळवावी लागते, म्हणून ते महिनाभर आधी झालं हे बरं.

शनिवारचे जादा तास रद्द झाले. त्याऐवजी प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, फक्त ओळख पडताळणीची. सुई नाही, ट्यूब नाही. एकाच दिवशी रेटून केलेल्या सरावापेक्षा दिवसांमध्ये विखरून केलेला सराव जास्त टिकतो हे स्मरणशक्तीच्या अभ्यासांतून वारंवार दिसलेलं आहे, आणि नोकरी-घर सांभाळून येणाऱ्या माणसाला तोच झेपतो.

या दहा मिनिटांत रबरी हाताच्या जागी वर्गातलेच विद्यार्थी बसायचे. रुग्णाचं सोंग घेणारी माणसं शिकवण्यासाठी वापरण्याची कल्पना हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत पुढे आणली. इथे ती फुकटात झाली. सोंग घेणाऱ्याला एकच सूचना होती: कुठलंही नाव घेतलं तरी हो म्हणायचं. पहिल्या दिवशी ती तीनदा फसली. समोर एक विशीतला मुलगा "शांताबाई तुम्हीच ना?" ला गंभीर चेहऱ्याने "हो" म्हणाला आणि वर्ग लोटपोट हसला. तीही हसली. पण त्या दिवसानंतर त्या हो वरचा तिचा विश्वास उडाला, जे दोन नापासांनी साधलं नव्हतं.

शब्द ठरवून दिले. "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा." आणि ते केव्हा म्हणायचं तेही ठरवलं. "अमुक झालं की तमुक करीन" असा नेमका बेत आधी केला तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांचं १९९९ मधलं प्रतिपादन इथे कामी आलं. तिचा बेत असा: फॉर्म हातात आला की तो छातीशी पालथा धरायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर पूर्ण ऐकायचं आणि मगच फॉर्म उलटून वाचायचा. फॉर्म पालथा असला की आपण नाव घेऊ शकत नाही. निर्धारापेक्षा ही युक्ती जास्त भरवशाची ठरली.

तिची आपुलकी मात्र कोणी काढून घेतली नाही. ओळख पटली की नावाने बोलायला मोकळीक. "आता काका, मूठ जरा मिटा." घाबरलेल्या रुग्णाशी कसं बोलावं याचा एक तास तिनेच वर्गाला घेतला. टोचताना रुग्ण चक्कर येऊन पडू नये यासाठी बोलण्याकडे कसं लक्ष ठेवायचं, उत्तरं तुटक व्हायला लागली की थांबायचं, हे तिने सांगितलं तेव्हा प्रशिक्षकही टिपून घेत होता. या तासाचा आणखी एक फायदा झाला. त्यानंतर तो तिला चुका थेट सांगायला लागला.

रुग्ण चिडून "किती वेळा नाव विचारता?" म्हणाला तर काय, हा तिचा सर्वांत खरा प्रश्न होता. त्यावरही वाक्य ठरलं: "नमुना तुमचाच आहे याची खात्री प्रत्येक वेळी करतो आम्ही." हे म्हटलं की बहुतेक लोक सांगतात. काही तरीही कुरकुरतात. ती कुरकुर ऐकून घेणं हा कामाचाच भाग आहे, हे तिला पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. चौदा वर्षं ती लोकांना खूश करूनच घरी गेली होती.

तिसरी परीक्षा आणि नंतर

तिसऱ्या परीक्षेत ती पास झाली. गुण पहिल्या वेळेपेक्षा दोन कमीच पडले, कारण लेबल लावताना ती अडखळली. त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही.

प्रकरण इथे संपवता आलं असतं. पण जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनासाठी काढलेल्या पिरॅमिडमध्ये "करून दाखवतो" च्या वर आणखी एक मजला आहे, "प्रत्यक्षात करतो." परीक्षा तिथपर्यंत पोचत नाही. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई तिला म्हणाल्या, "अगं, एवढं विचारत बसलीस तर दुपार होईल. नाव घे आणि टोच." म्हणजे ज्या सवयीने तिला दोनदा नापास केलं, तीच इथे कामातली हुशारी म्हणून परत आली. त्याही वरिष्ठांकडून, सकाळच्या लांबलचक रांगेत.

तिने काय केलं? पालथ्या फॉर्मची युक्ती तिने सोडली नाही, पण जन्मतारीख विचारणं काही रुग्णांच्या बाबतीत गळायला लागलं. हे तिनेच संयोजिकेला फोनवर सांगितलं. वर्गात शिकवलेलं आणि कामावर चालणारं यांच्यात अंतर असतं, हे विशीतला विद्यार्थी मुकाट्याने स्वीकारतो. प्रौढ विद्यार्थी निदान फोन करून सांगतो, हा त्याचा मोठा गुण.

फोननंतर संयोजिकेने प्रत्यक्ष कामाची नोंदवही मागवून पाहिली. त्यात रकाने होते: तारीख, ट्यूबांची संख्या, पहिल्या प्रयत्नात यश की नाही, वरिष्ठांची सही. ओळख पडताळणीचा रकानाच नव्हता. जे मोजलं जातं तेच शिकणारा जपतो. इथे फक्त टोचण्याचं यश मोजलं जात होतं.

संस्थेने दोन बदल लगेच केले, कारण ते संस्थेच्याच हातातले होते. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याशी मागच्या नोकरीतल्या कामाच्या पद्धतीबद्दल अर्धा तास बोलायचं, आणि तब्येतीच्या फॉर्मवर "चष्मा आहे का?" ऐवजी प्रत्यक्ष बारीक अक्षरं वाचून घ्यायची. अर्ध्या तासाच्या त्या गप्पांत इतर सवयीही सापडायला लागल्या आहेत. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम केलेला एक जण हातमोजे घालून चेहरा पुसतो, शिलाईकाम करणारी एक जण सुई वापरल्यावर टोपण पुन्हा लावू बघते. वापरलेल्या सुईवर टोपण लावणं हे सुई टोचून घेण्याचं नेहमीचं निमित्त आहे, त्यामुळे ही सवय वेळेत दिसली हे फार बरं झालं.

नोंदवहीचा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या हातात आहे. संस्थेने ओळख पडताळणीचा एक रकाना वाढवण्याची विनंती केली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं उत्तर आलं की असा रकाना सगळेच डोळे झाकून भरतील. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वरिष्ठांनी शेजारी उभं राहून पाच नमुने ऐकावेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. ते पाच नमुने सकाळच्या रांगेतले असावेत की दुपारच्या निवांत वेळेतले, आणि नाव घेऊन टोचायला सांगणाऱ्या वरिष्ठांनाच ऐकायला उभं करायचं का, यावर दोन्हीकडून अजून पत्रं चालू आहेत.